फिनलंडची पांढरी चड्डी

मी माणसं चड्डीवरून ओळखतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुबईच्या पलीकडच्या रास अल खैमातल्या एका फुटबॉल क्लबात मी गेली कित्येक वर्षं किटमन आहे. म्हणजे खेळाडूंचे कपडे धुणं, बुटांचे स्टड आवळणं, जर्सीवर नंबर चिकटवणं ही सगळी खाती माझ्याकडे. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. बक्षिसांचं कपाट छोटं आणि धुण्याची मशिनं मोठी, असा एकूण कारभार. पण मॅच झाली की कोण कसा खेळला हे मी स्टँडमध्ये न बसता सांगू शकतो. पेनल्टीच्या आशेने लोळणाऱ्याची चड्डी मागून हिरवी होते. खरोखर चेंडू काढायला घसरणाऱ्याचा डाग मांडीच्या बाजूला, लांबट पडतो. आणि अंग चोरणाऱ्याची चड्डी जशी दिली तशी परत येते, असा माझा सिद्धांत होता. तो एका माणसाने मोडीत काढला.

त्याचं नाव इथे घेत नाही, आणि क्लबातही कोणी घेत नव्हतं. पासपोर्टवर ते इतकं लांबलचक होतं आणि त्यात एकच अक्षर इतक्यांदा लागोपाठ येत होतं, की व्हिसाचं काम बघणाऱ्या आमच्या पीआरओने दोनदा चष्मा पुसला. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याला 'फिनलंड' करून टाकलं. "फिनलंड आला का?" "फिनलंडचे मोजे कुठेत?" मी त्याला विचारलं, राग नाही ना येत? तर म्हणाला, "आमच्याकडे माणसं कमीच आहेत. चालेल." आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्याची इंग्रजी आणि माझी इंग्रजी सारखीच लंगडी, त्यामुळे एकमेकांना धरून आम्ही बरे चालायचो.

पस्तिशीचा गडी, सव्वासहा फूट उंच, केस इतके फिके की उन्हात टक्कल वाटावं. जागा सेंटर बॅकची, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका गावात सुरुवात, मग स्वीडन, नॉर्वे, बेल्जियम, सायप्रस करत करत माणूस आमच्या दारात आला होता. देशाच्या संघातून त्याला एकदाच खेळायला मिळालं, तेही शेवटची चार मिनिटं. "त्या चार मिनिटांत आम्ही गोल खाल्ला नाही," एवढंच तो त्याबद्दल सांगायचा. पण दर महिन्याला सांगायचा.

त्याला पहिल्यांदा व्हिसाच्या मेडिकलला नेलं ते मीच. रांगेत उभं करून मी झेरॉक्स काढायला गेलो. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर हा होता तिथेच, उलट दोन माणसं मागे. झालं असं, की त्यांच्या देशात रांगेत दोन माणसांमध्ये चांगलं दोन हात अंतर सोडतात म्हणे. इथे दोन हात मोकळी जागा म्हणजे आमंत्रणच. जो येईल तो आभार मानून त्यात शिरत होता आणि हा प्रत्येकाला मान डोलावून मागे सरकत होता. शेवटी त्या मोकळ्या जागेत मी स्वतः पाय रोवून उभा राहिलो. त्याला ते फार आवडलं. पुढे बँक असो, लायसन्स असो, कुठेही रांग असली की तो मला फोन करायचा.

माझ्या बायकोने त्याला पहिल्याच दिवशी पास केलं ते बुटांवरून. जेवायला बोलावलं तर हा पठ्ठ्या न सांगता दाराबाहेर बूट काढून, मोजे त्यात कोंबून, अनवाणी आत आला. आजवर आमच्या घरी आलेल्या एकाही गोऱ्याने हे केलं नव्हतं. त्यांच्याकडेही घरात बूट घालत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं आणि तिने ताबडतोब त्या देशाबद्दल चांगलं मत करून घेतलं. नाचणीची भाकरी पाहून तर तो खुर्चीतून उठलाच. त्यांच्याकडे राय नावाच्या धान्याचा काळा, कडक पाव असतो. तो मिळवायला हा दुबईपर्यंत जायचा.

"केवढ्याला मिळतो?" बायकोने विचारलं.

"बत्तीस दिरहम."

"बत्तीस! म्हणजे सव्वासातशे रुपये? पावाला?" ती मला मराठीत म्हणाली, "सांगा त्यांना, वेडे आहात का म्हणावं. मी देत जाईन दोन भाकऱ्या."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डब्यातून भाकरी जाऊ लागली. परतफेड म्हणून तो काळ्या रंगाच्या खारट गोळ्या आणायचा. फिनलंडमध्ये लहान मुलं त्या आवडीने खातात, असं तो शपथेवर सांगायचा. आमच्या मुलीने एक तोंडात टाकली आणि बेसिनकडे धावली. "बाबा, धिस इज नॉट कँडी, धिस इज पनिशमेंट," ती म्हणाली. मी मात्र चघळायला शिकलो. काळं मीठ आणि डांबर यांची सवय लागते माणसाला.

त्याचा खरा नमुनेदारपणा बघायचा तर जून महिन्यात बघावा. इथला जून म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. एके दिवशी क्लबाचा मल्याळी वॉचमन बोंबलत लाँड्रीत आला, "भाई, जल्दी आओ, फिनलंड मर गया!" धावत गेलो. भर उन्हात उभ्या गाडीत, काचा वर, एसी बंद, आणि हा कमरेला टॉवेल गुंडाळून डोळे मिटून बसलेला. अंगावरून घामाच्या धारा. मी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. त्याने एक डोळा उघडला, काच दोन बोटं खाली केली आणि म्हणाला, "अजून पाच मिनिटं." मग बाहेर येऊन त्याने शांतपणे समजावलं की त्यांच्याकडे घराघरात लाकडाची खोली तापवून असं बसतात, त्याला सौना म्हणतात, आणि हा देश सौना फुकट देत असताना लोक एसीला पैसे का देतात हे त्याला कळत नाही. पुढे वॉचमन घड्याळ लावून वीस मिनिटांनी काचेवर टकटक करायचा. त्याने ती आपली ड्यूटीच मानली.

आता चड्डीकडे येतो. फिनलंडची पाच नंबरची चड्डी मॅचनंतर माझ्याकडे पांढरीशुभ्र यायची. घामाने ओली, पण डाग नाही. पहिले दोन महिने मी त्याला मनातल्या मनात कामचुकार ठरवून टाकलं होतं. मग एकदा सकाळी माझ्याकडच्या किटलीवर त्याची कॉफी करताना (दिवसाला सहा कप) मी विचारलंच.

"तू कधी घसरत का नाहीस?"

"बचाव करणारा जमिनीवर पडला, म्हणजे चूक त्याआधीच झालेली असते," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्याच्या गावात गवताचं मैदान नव्हतं. होतं ते बारीक खडीचं. वसंतात बर्फ उपसायचा आणि खडीवर खेळायचं. तिथे घसरलं की मांडीची सालं निघायची, आणि बर्फाळ हवेत ती जखम महिनाभर भरायची नाही. म्हणून तो उभ्याने खेळायला शिकला. समोरच्यापासून हातभर अंतर ठेवायचं, त्याच्या पायाकडे किंवा चेंडूकडे न बघता कमरेकडे बघायचं, कारण पाय फसवतात, कंबर फसवत नाही. मागे मागे सरकत त्याला कडेला न्यायचं आणि वाट बघायची. "घाई त्याला असते. मला काही घाई नसते," तो म्हणाला. मी लांज्याकडचा. आमचं क्रिकेटही कातळावर, जांभ्या दगडावर. डाइव्ह मारणारा पोरगा आम्ही एकच पाहिला आणि तो नंतर कधी डाइव्ह मारताना दिसला नाही. त्यामुळे खडीची गोष्ट मला एका वाक्यात पटली. पुढच्या मॅचपासून मी मुद्दाम बाहेर येऊन त्याला बघू लागलो. त्याच्या बाजूने गोल मारायला आलेला फॉरवर्ड हळूहळू कॉर्नरच्या झेंड्याकडे जायचा, तिथे त्याला काय करावं सुचायचं नाही आणि तो चेंडू मागे द्यायचा. टाळ्या वाजवाव्यात असं काही घडायचंच नाही. आणि आम्ही गोल खायचो नाही.

पण हे पटवायचं कोणाला? आमच्या क्लबाच्या मॅनेजरला सगळे मुदीर म्हणत, अरबीत मॅनेजरला तोच शब्द आहे. पन्नाशीचा, इथलाच, दिलदार माणूस. तरुणपणी वाळूवर फुटबॉल खेळलेला, आणि तोही फॉरवर्ड. त्याची एक खास पद्धत होती. मॅचनंतर कपडे लगेच धुवायचे नाहीत, असा हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो लाँड्रीत यायचा, पांढऱ्या चड्ड्यांच्या ढिगातून एकेक उचलून उजेडात धरायचा आणि ठरवायचा, कोण लढला आणि कोण नाही. रात्रभर सुकलेले गवताचे डाग काढताना माझ्या हातांची काय दशा व्हायची, ते मलाच ठाऊक. पण त्याच्या या परीक्षेवर लोकांचे करार वाढायचे आणि संपायचे.

मार्च महिन्यात त्याने पाच नंबरची चड्डी उचलली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे टाकली. मुदीर आम्हा लोकांशी छान हिंदीत बोलायचा.

"देखो. क्या है इस में? कुछ नहीं. ये आदमी लडता नहीं. बूढा हो गया. मे में खलास."

फिनलंड आमच्या क्लबात कशासाठी आला होता ते मला माहीत होतं. त्याची घटस्फोटित बायको दुबईत शाळेत शिकवायची आणि दहा वर्षांची मुलगी तिच्याजवळ होती. बरे पैसे देणारे दुसरे दोन क्लब सोडून तो इथे आला, तो मुलगी तासाभराच्या अंतरावर राहावी म्हणून. दर शुक्रवारी दुपारी तो तिला घेऊन यायचा आणि रविवारी संध्याकाळी सोडून यायचा. करार गेला म्हणजे व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला म्हणजे मुलगी वर्षातून एकदा. हे गणित इथे राहणाऱ्या कोणालाही शिकवावं लागत नाही. तिच्या आईची दुबईतली नोकरी आणखी एकच वर्ष होती, मग ती परत जाणार होती. त्याला फक्त ते एक वर्ष हवं होतं.

आणि मग मी माती खाल्ली. पुढच्या मॅचनंतर सकाळी आठला लाँड्रीचं दार आतून लावून मी फिनलंडची चड्डी काढली, मागच्या दाराने बाहेर गेलो आणि स्प्रिंकलरखालच्या ओल्या गवतावर ती चांगली घासली. डाग कसा पडतो हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मांडीच्या बाजूला, लांबट, अस्सल. नऊला मुदीर आला, चड्डी उजेडात धरली आणि हसला. "माशाल्ला! अब जाग गया!" मला स्वतःच्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. असं तीन मॅच चाललं.

चौथ्या मॅचला मी नव्हतो. मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. सकाळी आलो, ढीग पडलेला होता, पाच नंबर काढली, घासली, परत ढिगात टाकली. फिनलंड एरवी मॅचच्या दुसऱ्या दिवशी दहानंतर यायचा. त्या दिवशी पावणेनऊलाच येऊन कॉफी करत बसला. मला शंका यायला हवी होती. मुदीर आला, पाच नंबर उचलली आणि बराच वेळ बघत राहिला.

"फिनलंड कल खेला ही नहीं," तो म्हणाला. "मैंने ही कोच को बोला था, नये लडके को देखो. ये पूरा टाइम बेंच पे था. बेंच पे घास है क्या?"

फिनलंडला हिंदी येत नव्हती, पण चड्डी दिसत होती. त्याने कप खाली ठेवला.

"किती मॅच?" त्याने मला विचारलं.

"ही धरून चार."

"का?"

मी सगळं सांगितलं. दोघांच्या देखत, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो मुदीरकडे वळून म्हणाला, "त्या चार मॅच मोजू नका. तुम्ही फॉरवर्ड होतात ना? चला बाहेर."

त्या सकाळी मैदानावर जे झालं ते पाहायला मी, वॉचमन आणि गवत कापणारा एक माळी एवढेच होतो. मुदीरने चपला काढल्या, कंदुऱ्याचा, म्हणजे अंगातल्या लांब अरबी झग्याचा, घोळ वर घेऊन कमरेला खोचला. फिनलंडनेही बूट काढले. ठरलं असं, की मुदीरने दहा वेळा चेंडू घेऊन यायचं आणि त्याला चुकवून गोलात मारायचा. मुदीर खरंच चांगला खेळायचा, पोट सुटलं होतं तरी पायात जादू होती. पहिल्या वेळी तो डावीकडे झुकला, उजवीकडे निघाला. फिनलंड तिथेच. दुसऱ्या वेळी दोन्हीकडे झुकून पाहिलं. फिनलंड हातभर अंतरावर, मागे मागे, शांतपणे, आणि मुदीर बघता बघता रेषेबाहेर. "यल्ला, फिर से!" तिसरी, चौथी, पाचवी. धक्का नाही, पाय घालणं नाही, अंगाला हात नाही. सातव्या वेळी मुदीरने शिव्या दिल्या, अरबीत. आठव्या वेळी देवाचं नाव घेतलं. नवव्या वेळी तो रागाने सरळ अंगावर धावून गेला, फिनलंड एक पाऊल बाजूला झाला आणि मुदीर स्वतःच्याच कंदुऱ्यात अडकून पालथा पडला. मुदीर उताणा झाला आणि आकाशाकडे बघून हसायला लागला. इतका हसला की त्याला खोकला आला.

"दसवां नहीं करूंगा," तो म्हणाला. मग फिनलंडला इंग्रजीत, "एक वर्ष. कागद उद्या तयार होतील." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

आत जाताना फिनलंड माझ्याजवळ थांबला. "तुला वाटलं, मी हरतोय?" एवढंच म्हणाला आणि गेला.

पुढचे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. कॉफीला आला नाही. बायकोने भाकरी पाठवली, डबा रिकामा, धुऊन पुसून परत आला, पण वॉचमनच्या हाती. रोज दहा वाजता तो ऑफिसात जाताना दिसायचा आणि अर्ध्या तासाने बाहेर पडायचा. मला वाटलं, कागदपत्रांचं काही चाललं असेल. इकडे माझीही झोप उडाली होती. मुलगी नववीत होती. माझी नोकरी गेली तर दहावीच्या तोंडावर तिची शाळा सुटणार, आणि या देशात सामान आवरायला महिना मिळतो. मी कोणाला काही विचारायच्या मनःस्थितीत नव्हतो. मान खाली घालून डाग काढत होतो.

नवव्या दिवशी तो लाँड्रीत आला, किटली लावली आणि म्हणाला, "भाकरी संपली." मी म्हटलं, "उद्या आणतो." आमचं भांडण असं मिटलं. माझ्या नोकरीबद्दल मुदीर काही बोलला नाही, तेव्हा मीही देवाचे आभार मानून गप्प राहिलो.

ते वर्ष त्याने मजेत काढलं. मुलीला रेताडावर सायकल शिकवली, गाडीत घाम गाळला, माझ्या जिवावर रांगा पार केल्या आणि सबंध सीझन पांढऱ्या चड्डीत खेळला. मुदीर आता नऊला यायचा नाही, मॅचच्या वेळी गोलामागे खुर्ची टाकून बसायचा. मे महिन्यात मुलगी आईबरोबर परत गेली. मुदीर आणखी एक वर्ष द्यायला तयार होता. फिनलंडने आपणहून नको म्हटलं आणि पंधरा दिवसांत तोही गेला.

गेल्या हिवाळ्यात मुदीरची दुसऱ्या खात्यात बदली झाली. ऑफिस आवरताना त्याने मला बोलावलं आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून हातात दिला. त्यावर माझं नाव होतं. नोकरी रद्द केल्याचं पत्र होतं ते, त्या आठ दिवसांतल्या पहिल्या दिवसाचं. खाली मुदीरची सही तेवढी राहिली होती.

"तुम ने मुझे धोखा दिया था, तो मैंने लिख दिया," तो म्हणाला. "फिनलंड अपना कॉन्ट्रॅक्ट साइन करने आया, तो टेबल पे ये देख लिया. मैंने पेन दिया. उसने पेन नीचे रख दिया, बोला, पहले किटमन का लेटर कॅन्सल करो. मैंने बोला, हबीबी, तुम्हारा क्या जाता है, तुम साइन करो. नहीं किया. एक कॉफी पिया, चुप बैठा, चला गया. दूसरे दिन फिर आया. फिर कॉफी, फिर चुप. आठ दिन! मैंने बोला, तुम्हारी जगह दूसरा ले लूंगा, तुम्हारी बेटी इधर है, सोच लो. बोला, सोच लिया." मुदीरने हात झाडले. "आठवें दिन मैंने ये दराज में डाल दिया. तब उसने साइन किया. और बोला, तुम को नहीं बताना."

मी लाँड्रीत आलो, दार लावलं आणि बसून रडलो. लाज वाटली म्हणून नाही. मुलीजवळचं जे एक वर्ष त्याला हवं होतं, ते त्याने आठ दिवस माझ्यासाठी टेबलावर पडू दिलं होतं, आणि मी समजत होतो की तो माझ्यावर रुसलाय. मग फोन लावला. पलीकडे मुलीचा आवाज येत होता, भांड्यांचाही.

"मुदीरने सांगितलं," मी म्हटलं.

"सांगू नको म्हटलं होतं."

"आणि तो हटला नसता तर? तुझी मुलगी?"

"तर आम्ही दोघं फोनवर बोललो असतो," तो म्हणाला. मग विचारलं, "तुझ्या मुलीची ती दहावीची परीक्षा झाली? तिथल्याच शाळेत?"

"झाली. चांगली पास झाली."

"मग बरोबर होतं," फिनलंड म्हणाला.